आढ्याचे पाणी वळचणीला, वळचणीचे टाक्यात
(घरोघरी व गटागटाने अभ्यासासाठी)



मृग नक्षत्र लागले की आपल्याकडे दोन कामांची घाई सुरू होते. शेतकरी पेरणीच्या मागे लागतो आणि शहरातला माणूस छत गळते का ते पाहतो. छतावर पडलेले पाणी लवकरात लवकर घराबाहेर, अंगणाबाहेर, नालीत कसे जाईल याची आपण सगळेच काळजी घेतो. मग मार्च उजाडतो आणि तेवढेच पाणी टँकरने, ड्रमने, गुंडाने परत घरात आणण्याची धडपड सुरू होते. जे पाणी फुकट दारात आले होते, ते आपणच हाकलून लावलेले असते.

या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे: छतावरचे पावसाचे पाणी टाक्यात साठवून घरी कसे वापरावे. हा लेख घरात एकाने मोठ्याने वाचावा. हाताशी एक टेप, कागद आणि पेन्सिल ठेवावी, कारण यात थोडे गणित आहे. गणित सोपे आहे, चौथीच्या मुलालाही जमेल. त्यालाच करू द्यावे.

१. आपले पाणी येते कुठून?

अमरावती शहराचे नळाचे पाणी मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून, पन्नासेक किलोमीटरची वाट चालून येते. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. तेल्हारा, अकोट भागातल्या कित्येक खेड्यांना वान धरणाचे पाणी नळयोजनेने पोहोचते. म्हणजे आपल्या माठातले पाणी बहुधा आपल्या गावचे नसते. लांबचे धरण भरले तर आपण भरलो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि धरणात असूनही वाटेत पाइप फुटला किंवा वीज गेली, तर नळ कोरडाच राहतो.

धरणे नकोत असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्यावाचून एवढी मोठी शहरे जगणार नाहीत. पण प्यायच्या पाण्यासाठी आपण शंभर टक्के दुसऱ्याच्या भरवशावर का असावे, एवढाच प्रश्न आहे.

२. पूर्णेकाठचे दुखणे

वऱ्हाडात पाण्याचा प्रश्न नुसता कमी-जास्तीचा नाही, गोड-खाऱ्याचाही आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्यात शेकडो फूट जाडीचा गाळ साचलेला आहे. त्यात चिकणमातीचे थर आहेत, पाण्याचा निचरा कमी आहे आणि जमिनीखालच्या पाण्यात क्षार मुरलेले आहेत. यालाच आपण खारपाण पट्टा म्हणतो. दर्यापूर, भातकुली, अकोट, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांत आपली सोयरीक आहे. तिथल्या माय-बहिणींना हे सांगावे लागत नाही. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, चहाला चव येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरी सोयच नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे असे तेच मानक सांगते. खारपाण पट्ट्यातल्या अनेक विहिरी ही वरची मर्यादासुद्धा ओलांडतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. उलट वाफ होऊन पाणी कमी होते आणि उरलेले आणखी खारे होते. तुरटीनेही गढूळपणा खाली बसतो, खारेपणा नाही. आर.ओ. यंत्राने क्षार निघतात, पण घरगुती यंत्र शुद्ध पाण्यापेक्षा जास्त पाणी मोरीत सोडते. शिवाय त्याला वीज लागते आणि दुरुस्तीचा खर्च येतो. पावसाच्या पाण्यात मात्र मुळात क्षार जवळजवळ नसतातच. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची वाफ होऊन, मीठ मागे ठेवून ते वर गेलेले असते. ज्या खेड्यात जमिनीखाली खारे पाणी आहे, तिथे डोक्यावरून गोडे पाणी पडते आणि आपण ते काळ्या मातीत जाऊ देतो.

३. आपल्या छतावर किती पाणी पडते?

आता टेप घ्या. एक नियम पाठ करा: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते.

समजा, आपले घर ५०० चौरस फुटांचे आहे. म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर छत. अकोला-अमरावतीच्या मैदानात वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरू. सरासरी याहून थोडी जास्त असते, पण हिशेब हात राखूनच करावा.

४६ × ७०० = ३२,२०० लिटर.

यातले काही पाणी उडते, काही छत पिते, काही बाहेर सांडते. पाचवा हिस्सा वजा केला तरी २५ हजार लिटरांहून अधिक पाणी हाती राहते. आणि पाऊस निम्माच झाला तर? तरीही १२ हजार लिटरांच्या वर मिळते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

४. किती पाणी लागते?

इथे अनेकांचा उत्साह मावळतो. शहरात एका माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते असे धरून नळयोजना आखतात. पाच माणसांचे वर्षाचे पाणी काढले तर ते जवळपास अडीच लाख लिटर भरते. एवढे आपल्या छतावर पडत नाही. मग लोक म्हणतात, या टाक्याने काय होणार?

पण सगळ्या कामांना एकच पाणी लागते का? अंगणात सडा टाकायला, भांडी घासायला, संडासात ओतायला जे पाणी चालते, तेच प्यायला लागते असे नाही. पिणे आणि स्वयंपाक या दोन कामांना माणशी दिवसाला सहा लिटर पाणी पुरते. पाच माणसांना ३० लिटर. साधारण १० ऑक्टोबरच्या सुमारास हस्त नक्षत्र सरते आणि पाऊस थांबतो. तिथून पुढच्या १० जूनपर्यंत आठ महिने होतात. ३० लिटर रोज, आठ महिने, म्हणजे सुमारे ७,२०० लिटर.

निम्म्या पावसाच्या वर्षीही छत १२ हजार लिटर देते, हे आपण वर पाहिले. पावसाळ्याच्या चार महिन्यांत याच पाण्यातले साडेतीन हजार लिटर वापरले, तरी टाके भरायला पुरेसे उरते. म्हणजे दुष्काळी वर्षातसुद्धा पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी घरच्या घरी निघू शकते. नळाचे किंवा विहिरीचे पाणी बाकीच्या कामांना राहते. टाके आपली सगळी गरज भागवणार नाही, पण जी गरज एक दिवसही टाळता येत नाही, ती भागवील.

५. टाके कसे असावे?

मापाचा एक सोपा नमुना देतो. सहा फूट नऊ इंच व्यासाचे गोल टाके, आत सात फूट उंची. यात सुमारे सात हजार लिटर पाणी मावते. गोल टाक्यावर पाण्याचा दाब सगळीकडे सारखा बसतो. चौकोनी टाके कोपऱ्यात तडकण्याची भीती जास्त. जाळी आणि सिमेंटचे पातळ भिंतीचे टाकेही चांगले टिकते. ऐपतीप्रमाणे प्लास्टिकच्या दोन-तीन टाक्या जोडल्या तरी चालते. मात्र पुढील गोष्टी गवंड्याशी बोलून घ्याव्यात.

जागा: हजार लिटर पाण्याचे वजन एक टन असते. भरलेले टाके म्हणजे सात टनांचा भार. ते स्लॅबवर कधीही ठेवू नये, जमिनीवरच असावे. घराच्या उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत असले तर पाणी तापत नाही.

पाया: आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे जमिनीत पुरलेले टाके आपल्याकडे तडकते, आणि एकदा तडकले की बाहेरचे घाण किंवा खारे पाणी आत शिरते. काळी माती काढून मुरूम भरावा, तो धुमसून घट्ट करावा आणि त्यावर टाके उभे करावे. अमरावती शहरात मुरूम-खडक वर असेल तिथे भुईतले टाके चालू शकते.

तोट्या: वापरायची तोटी तळापासून चार बोटे वर असावी, म्हणजे गाळ येत नाही. तळाशी धुण्यासाठी वेगळी तोटी असावी. जास्तीचे पाणी बाहेर जाण्याच्या नळीला बारीक जाळी हवीच.

पहिले भरणे: नव्या सिमेंटच्या टाक्याला भरपूर पाणी मारावे. पहिल्या भरण्याचे पाणी प्यायला घेऊ नये, झाडांना घालावे.

कोणाचे छत सिमेंटच्या जुन्या अ‍ॅस्बेस्टॉस पत्र्यांचे असेल किंवा त्याला ऑइलपेंट मारलेला असेल, तर ते पाणी पिण्यासाठी घेऊ नये. धुण्या-पुसण्याला चालेल. शेत घराला लागून असेल, तर कपाशीवर फवारणी चालू असताना टाक्याकडे जाणारा पाइप काढून ठेवावा. फवाऱ्याचे तुषार वाऱ्याने छतावर येतात.

६. पहिले पाणी सोडून द्यावे

आठ महिन्यांची धूळ, पाखरांची घाण, वाळलेला पाला, हे सारे पहिल्या पावसात धुऊन खाली येते. म्हणून मृगाच्या आधी छत खराट्याने स्वच्छ करावे. गाडगेबाबा आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांच्या खराट्याची आठवण ठेवून हे काम घरातल्या तरुणांनी हाती घ्यावे. मोसमातल्या पहिल्या एक-दोन चांगल्या सरींचे पाणी टाक्यात घेऊ नये. पुढेही मध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडली, तर पावसाची पहिली दहा मिनिटे पाइप बाहेर वळवलेला असावा. त्यासाठी पाइपला एक फाटा आणि झाकण एवढे पुरे होते.

टाक्याच्या तोंडाशी गाळणी ठेवावी. एका ड्रममध्ये खाली जाड गिट्टी, त्यावर बारीक गिट्टी, त्यावर धुतलेली रेती आणि सर्वांत वर जाळी. दर वर्षी मे महिन्यात रेती काढून धुवावी. गाळणीने कचरा अडतो, पण जंतू पूर्ण अडत नाहीत. म्हणून प्यायचे पाणी उकळून घ्यावे किंवा त्यात मेडिक्लोर घालावे. बाटलीवर लिहिलेले प्रमाण पाळावे आणि अर्धा तास थांबावे. घरात लहान मूल, गरोदर बाई किंवा म्हातारे माणूस असेल तर यात हयगय नको.

७. झाकण: निम्मे काम तेच

झाकण नसलेले टाके न बांधलेले बरे. उघड्या टाक्यात ऊन जाते आणि शेवाळ धरते. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात उघड्या हौदातले पाणी दिवसाला सेंटिमीटरभर तरी उडून जाते. लहान मूल पडण्याचा धोका असतो, तो वेगळाच. आणि डासांचे काय? डेंग्यू आणि चिकुनगुनियाचा डास घाण पाण्यात नव्हे, तर घरात साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. २००६ साली चिकुनगुनियाची साथ महाराष्ट्रभर पसरली. सांधे धरून बसलेली माणसे आपण विदर्भातही तेव्हा घरोघर पाहिली. म्हणून टाक्याला घट्ट झाकण आणि प्रत्येक नळीला जाळी असावी. घरातले छोटे ड्रम, रांजण आठवड्यातून एक दिवस रिकामे करून, घासून, कोरडे करून मगच भरावेत.

हे झाकणाचे शहाणपण नवे नाही. अकोट तालुक्यात शहानूर गावाच्या वर नरनाळा किल्ला आहे. गडावर शक्कर तलावासारखे मोठे उघडे तलाव आहेत. त्यांच्याशिवाय दगडी बांधणीची, वरून झाकलेली आणि वर लहान लहान तोंडे ठेवलेली टाकीही आहेत. लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. जुन्या गॅझेटियरमध्ये मात्र ती पाणी साठवण्याची टाकी असावीत असे म्हटले आहे. मुलांना सहलीला नेले तर ती जरूर दाखवावीत: पाणी तुपासारखे झाकून ठेवायचे असते, हे तिथे न बोलता कळते.

बायबलचा देशही आपल्यासारखाच थोड्या महिन्यांच्या पावसाचा. तिथे खडकात हौद खोदून आतून चुन्याचा गिलावा करीत. मवाबाचा राजा मेशा याचा सुमारे २८०० वर्षांपूर्वीचा शिलालेख १८६८ मध्ये सापडला. नगरात हौद नव्हता म्हणून प्रत्येकाने आपापल्या घरी हौद करावा अशी आज्ञा आपण दिली, असे त्याने त्यात कोरून ठेवले आहे. यिर्मया संदेष्ट्याने दुसऱ्या अध्यायात फुटक्या हौदांची उपमा दिली, ती ऐकणाऱ्याच्या काळजाला लागली असणार. फुटका हौद म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येक घराला ठाऊक होते. दर वर्षी टाके भरण्याआधी आतून तडा शोधणे हे कामही म्हणूनच विसरू नये.

८. काठीचा हिशेब

टाके बांधले म्हणजे पाणी वाचले असे नाही. भरलेले टाके पाहून हात सैल सुटतो आणि जानेवारीतच तळ दिसतो. म्हणून एक काठी घ्या आणि तिच्यावर इंचांच्या खुणा करा. वर दिलेल्या मापाच्या टाक्यात एक इंच पाणी म्हणजे सुमारे ८५ लिटर. सात फूट म्हणजे ८४ इंच. आठ महिन्यांत भागले तर महिन्याला साडेदहा इंच येतात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांनी स्वच्छ काठी बुडवून आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावा. साडेदहापेक्षा जास्त उतरले असेल तर घरात बोलावे. कोणी रागावण्याची गरज पडत नाही, काठीच सांगते.

९. ज्यांच्याकडे जागा नाही त्यांचे काय?

आपल्या धर्मग्रामात भाड्याच्या खोलीत राहणारी, टिनाच्या छपराखाली राहणारी कुटुंबे आहेत. टाक्याचा खर्च सर्वांना झेपणार नाही, हे आम्ही जाणून आहोत. पण शंभर चौरस फूट टिनावर एक इंच पाऊस पडला, तर दोनशे लिटरचा एक ड्रम भरतो. टिनाला पन्हाळ लावा, खाली जाळी बांधलेला झाकणाचा ड्रम ठेवा. पावसाळ्याचे चार महिने तरी डोक्यावरची घागर उतरेल. खारपाण पट्ट्यात तेवढे दिवस तरी पोटात गोडे पाणी जाईल. विहिरीचे पाणी फारच खारे असेल, तर त्यात तितकेच पावसाचे पाणी मिसळल्याने खारेपणा जवळपास निम्म्यावर येतो. मिसळलेले पाणीही उकळूनच प्यावे.

शहरात ज्यांच्या अंगणात गोडी विहीर आहे, त्यांनी टाके भरल्यावर वाहून जाणारे पाणी गाळून विहिरीत सोडावे. खारपाण पट्ट्यात मात्र आधी साठवण करावी, कारण तिथे बोअरमध्ये सोडलेले गोडे पाणी खाऱ्यात मिसळून जाते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमांनुसार ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामांना पाऊसपाणी साठवणे किंवा मुरवणे बंधनकारक आहे. घर बांधणाऱ्यांनी ते कागदावरच राहू देऊ नये.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आयुष्यभर शेतकऱ्यांबरोबर काम केले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत शिवारात पाणी अडवायचे, हे पाणलोटाचे काम त्यांनी गावोगाव रुजवले. ते काम सगळ्या गावाने मिळून करावे लागते. टाके मात्र एका घराला करता येते. आणि एका घरी झाले, की शेजारच्या बाईला मे महिन्यात दोन गुंड पाणी मागता येते. टाके बांधताना तो शेजारचा गुंडही हिशेबात धरावा. दिवसाला पाच लिटर जास्तीचे धरले तर आठ महिन्यांचे बाराशे लिटर होतात, म्हणजे टाके फक्त सव्वा फूट उंच करावे लागते.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी पाणी कोण भरते? त्यात त्यांचा दिवसाचा किती वेळ जातो? घरातले पुरुष आणि मुलगे त्यातला किती वाटा उचलतात?
२. पिण्याजोगे पाणी आपण आज कोणकोणत्या कामांना वापरतो? त्यातल्या कोणत्या कामाला दुसरे पाणी चालेल?
३. आपल्या गल्लीत सर्वांत मोठे छत कोणाचे? तिथे सामाईक टाके होऊ शकेल का? त्याची देखभाल आणि वाटणी कोण करील?

घरी करायचे काम

मृगाच्या आत आपले छत मोजा. वरच्या पद्धतीने पाण्याचा हिशेब काढा आणि कागदावर घराचे नाव न घालता फक्त तीन आकडे लिहा: छत किती, माणसे किती, पाणी किती. तो कागद येत्या रविवारी मिस्सानंतर युवक मंडळाकडे द्या. चर्चच्या सभागृहाचे छतही युवक मंडळाने त्याच दिवशी मोजावे. सगळे आकडे मांडले, की टाके आधी कुठे हवे, हे आपण सर्व मिळून ठरवू.